परांचीची भोकं

न्यूझीलंडमधल्या अप्पर हट या गावामागच्या डोंगरावर एक दगडी बुरूज आहे. नव्वदीच्या दशकाच्या मधल्या तीन वर्षांत मी तिथं बिगारी होतो. दगड उचलले, चुना कालवला, घमेली वाहिली. हे मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहून टाकतो आहे, कारण आमच्या माणसांत हा विषय निघाला की कोणीतरी लगेच हळवा चेहरा करून म्हणतं, काय दिवस काढलेत हो तुम्ही. दिवस काढायला मी काही तुरुंगात नव्हतो. मी बुरूज बांधत होतो.

आता नीट सांगतो. साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना होता, आठ वर्षं बऱ्यापैकी चाललेला. बायको फार्मासिस्ट. न्यूझीलंडला शिकलेली माणसं हवी आहेत असं कळलं. गुण मोजून व्हिसा मिळायचा, आमचे गुण भरले, आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन आम्ही इथं उतरलो. इथं डॉक्टरकी करायची तर पुन्हा परीक्षा होती, दोन टप्प्यांची. लेखी मी पास झालो. पेशंट तपासून दाखवायच्या परीक्षेत नापास झालो. पुढची संधी कधी मिळेल ते नक्की नव्हतं आणि तोवर कुणाची नाडी धरायचीही मला परवानगी नव्हती. बायकोला मात्र हॉस्पिटलच्या औषध विभागात नोकरी लागली. ती सकाळची ट्रेन धरून जायची, मी मुलीला शाळेत सोडायचो आणि घरी येऊन पुस्तकं उघडायचो. पानं उलटत राहायची, डोक्यात काही शिरायचं नाही.

त्याच सुमारास आम्ही पहिल्यांदा मंडळाच्या गणपतीला गेलो. मंडळ म्हणजे तीसेक मराठी घरं, त्यांत बहुतेक डॉक्टर, नर्सा, फार्मासिस्ट. नवा माणूस आला की त्याला पहिला प्रश्न, ‘आपण कुठं?’ म्हणजे कुठल्या हॉस्पिटलला. उत्तर ऐकून लोक मनातल्या मनात तुम्हाला खुर्ची देतात, पुढच्या रांगेतली किंवा मागच्या. मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, ‘यांचं संशोधन चालू आहे.’ कशावर, ते कोणी विचारलं नाही. संशोधन म्हटलं की आपली माणसं आदरानं मान डोलावतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात. परत येताना गाडीत मी तिला याबद्दल छेडलं, तर तिनं उलट मलाच विचारलं की मग काय सांगायचं होतं, घरी बसलेत असं? ते संशोधन पुढे तिच्या पत्रातून सांगलीला तिच्या वडिलांकडे गेलं आणि त्यांनी ते अख्ख्या गल्लीला सांगितलं. मंडळातही माझं नाव झालं, तेही किल्ल्यांमुळे. कॉलेजात असल्यापासून मी गडकिल्ले फिरत आलो होतो, स्लाइड्स काढलेल्या होत्या. मंडळाच्या एका कार्यक्रमात मी त्या दाखवल्या. आमच्या गावच्या भुईकोटाच्या तटावर ओळीनं चौकोनी भोकं आहेत, त्यांची स्लाइड आली तेव्हा मी आवाज चढवून सांगितलं, ‘या जंग्या. यांतून मावळे बंदुकांचा मारा करायचे.’ टाळ्या पडल्या. मंडळाचे अध्यक्ष, मोठे सर्जन, त्यांनी उठून माझा हात हातात घेतला.

पुढच्या महिन्यात कोपऱ्यावरच्या डेअरीच्या काचेवर एक चिठ्ठी दिसली. इथं डेअरी म्हणजे वाण्याचं दुकान. दगडकामाला माणूस हवा, काम जड आहे, असं हातानं लिहिलेलं. मी दूध घ्यायला गेलो होतो. दूध घेतलं, चिठ्ठीवरचा नंबर तळहातावर उतरवला आणि घरी येऊन फोन केला. का केला, असं मला पुष्कळांनी विचारलंय. आठ महिने मी रिकामा बसलो होतो आणि मला स्वतःचा कंटाळा आला होता. याहून खोल कारण माझ्याकडे नाही.

डोंगर एका गॅरेजवाल्याचा होता. आयुष्यभर गाड्या दुरुस्त करून तो निवृत्त झाला होता आणि त्याला आता एक बुरूज, थोडा तट आणि एक दरवाजा हवा होता, मध्ययुगात बांधायचे तसाच, लोकांनी तिथं येऊन लग्नं करावीत म्हणून. हा वेडेपणा होता, पण त्यानं एक काम शहाणपणाचं केलं. त्यानं उत्तर इंग्लंडमधून आलेला एक म्हातारा गवंडी शोधून काढला. या माणसानं चाळीस वर्षं पडके किल्ले दुरुस्त केले होते. सत्तरीला टेकलेला, बुटका, मानेवर उन्हानं भाजल्याचे डाग. त्याला मी मिस्त्री म्हणायचो. तो शब्द त्याला आवडला होता. त्यानं माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि आधी काय करत होतास म्हणून विचारलं. डॉक्टर होतो, मी म्हणालो. तो म्हणाला, चालेल, गवंड्यांच्या पाठी दुखतातच.

बायकोला मी त्याच दिवशी सांगितलं. तिनं आधी हातातलं काम संपवलं. मग म्हणाली की पैसे लागत नाहीत, मला पुरेसा पगार आहे. मी म्हणालो, मला पैशांसाठी जायचंच नाहीये. तेव्हा ती म्हणाली, ठीक आहे, पण मंडळात हे कळता कामा नये. आमच्यात एवढाच करार झाला. मुलीला या कराराची खबर नव्हती. ती शाळेत, डेअरीत, मंडळाच्या पोरांत सगळीकडे सांगत सुटली, ‘माय डॅड बिल्ड्स कॅसल्स.’ मंडळातल्या बायका तिचे गाल ओढायच्या आणि म्हणायच्या, काय गोड कल्पना असतात ना मुलांच्या.

मला वाटलं होतं पहिल्या दिवसापासून दगड. तर मिस्त्रीनं माझ्या हातात कुदळ दिली आणि विहीर खणायला लावली. दोन आठवडे आम्ही खणत होतो. माझी चिडचिड त्याच्या लक्षात आली तेव्हा तो कडेवर बसून सांगू लागला. किल्ल्याची जागा निवडणारा माणूस उंची नंतर बघायचा, पाणी आधी. तट कितीही जाड बांधा, आत पाणी नसेल तर शत्रूनं बाहेर नुसतं बसून राहायचं, महिन्याभरात तुम्हीच दार उघडता. मला आमचे गड आठवले. प्रत्येक गडावर खडकात खोदलेली टाकी असतात, एका टाक्याला लागून दुसरं. उन्हातान्हातून चढून मी त्या टाक्यांचं पाणी प्यायलो होतो, आणि त्यांतून निघालेलाच दगड तटाला लागला असेल हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग जोतं. भिंत खाली जाड आणि वर बारीक होत जाते, पायथ्याला तर चक्क उतरती असते. म्हणजे वरून टाकलेला धोंडा त्या उतारावर आपटून उसळतो आणि समोरच्याच्या अंगावर जातो, शिवाय खालून सुरुंग लावायला आलेल्याला भिंतीचं मूळ पटकन सापडत नाही. बुरूज गोल का, तर चौकोनी कोपरा पहारीनं उचकटता येतो, गोलाला कोपराच नसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, तटाची भिंत ही एक भिंत नसतेच. त्या दोन भिंती असतात, बाहेरची आणि आतली, दोन्ही नीट घडवलेल्या दगडांच्या. मधल्या पोकळीत डबर आणि चुना ठासून भरायचा, आणि मध्येमध्ये एक लांब दगड आरपार घालायचा, दोन्हींना धरून ठेवायला. हा भूकंपाचा देश असल्यामुळे आमच्या डबरात लोखंडी सळयाही उभ्या कराव्या लागल्या, नगरपालिकेच्या माणसानं त्याशिवाय परवानगी दिली नाही. त्या सळया आल्या त्या दिवशी मिस्त्री आमच्याकडे पाठ करून चहा पीत बसला होता. मी त्याला चिडवलं की तुमच्या मध्ययुगात लोखंडाचं दुकान नव्हतं वाटतं. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

चुना कालवताना एकदा मी बढाई मारली. आमच्याकडे किल्ले बांधताना चुन्यात गूळ घालत, हिरड्याचं पाणी घालत, म्हणून आमचा चुना दगडासारखा होतो. मिस्त्रीनं घमेलं खाली ठेवलं. किती गूळ, त्यानं विचारलं. चुना विझवताना घालायचा की नंतर? हिरडा किती दिवस भिजवायचा? तो थट्टा करत नव्हता, त्याला खरंच हवं होतं, आणि मला एकही उत्तर देता येईना. मला कुठल्या किल्ल्याला कोणी किती दिवस वेढा घातला ते येत होतं, किल्ला हातानं कसा बांधला ते येत नव्हतं. ज्यांना येत होतं त्यांना आम्ही कधी काही विचारलंच नव्हतं.

पण एक गोष्ट मला येत होती. छातीवर बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटानं वाजवायचं आणि आत पाणी आहे की हवा, ते आवाजावरून ओळखायचं, हे आठ वर्षं रोज केलेलं. जेवणाच्या सुट्टीत मी असाच रिकामा हात चाळवत हातोडीच्या दांड्यानं आतल्या भिंतीवर वाजवत होतो. एका जागी आवाज बदलला. चारी बाजूंनी वाजवून बघितलं आणि खडूनं पोकळीची कड आखली. मिस्त्रीनं विश्वास ठेवला नाही, मग ठेवला, मग दोन दगड उपटले. आत डबर नीट ठासलेला नव्हता, हात जाईल एवढी पोकळी होती. तिथं पाणी साठलं असतं आणि दहा वर्षांत भिंतीनं पोट काढलं असतं. ते काम मागच्या आठवड्यात त्यानं स्वतः केलेलं होतं. पोकळी भरून दोन्ही दगड त्यानं स्वतःच पुन्हा बसवले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं मला घमेल्यावरून काढून थापी दिली.

भिंत छातीच्या वर गेली आणि मिस्त्री मधूनमधून एक एक दगड गाळू लागला. एका रांगेत, हात-दीड हात अंतरावर, वीतभर चौकोनी भोकं. मला वाटलं म्हाताऱ्याला आता दिसेनासं झालंय. तो जेवायला गेला तेव्हा मी त्यातलं एक भोक डबर आणि चुन्यानं सुरेख बुजवलं, वर थापी फिरवली. तो आला, रांग मोजली, परत मोजली. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, ‘मग उद्या उभा कशावर राहणार आहेस?’

त्या भोकांत लाकडी वासे घालायचे असतात. वाशांवर फळ्या टाकल्या की झाली परांची. त्यावर उभं राहून पुढचा थर रचायचा, वर पुन्हा भोकं सोडायची, वासे वर न्यायचे. म्हणजे बांधणाऱ्याचं ओझं ती भिंतच घेते. काम संपलं की वासे काढून घेतात, भोकं राहतात. कधी शंभर वर्षांनी दुरुस्ती निघाली तर त्याच भोकांत पुन्हा वासे जातात. जुन्या किल्ल्यांत हे असंच होतं, आणि मिस्त्रीनं हट्टानं तेच ठेवलं. नगरपालिकेच्या माणसानं वर कठडा आणि कमरेला दोर लावायला लावले, मग चालवून घेतलं. मी बुजवलेलं भोक मला पुन्हा कोपरापर्यंत हात घालून उकरावं लागलं. आतला ओला चुना बोटांनीच थापून बसवला. हात आत असतानाच मला आमच्या गावचा भुईकोट दिसला. तटावर ओळीनं चौकोनी भोकं, सारख्या अंतरावर, सारख्या उंचीवर, आणि एकही भोक आरपार नाही. जंग्या म्हणे. आरपार नसलेल्या भोकातून मावळ्यानं बंदूक कुठं मारायची होती, हे मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं, टाळ्या वाजवणाऱ्यांनाही सुचलं नव्हतं. आम्ही त्या भोकांत लढाई बघितली. तिथं माझ्यासारखाच कोणीतरी फळीवर उभा राहून चुना लावत होता, तो आम्हाला दिसला नाही.

त्या दिवशी मला खरी लाज वाटली. बिगारी असल्याची कधीच वाटली नव्हती असं मी म्हणणार नाही, पहिले काही महिने वाटली. गावात कोणी ओळखीचं दिसलं की मी रस्ता ओलांडायचो. पण ही लाज वेगळी होती आणि ती आल्यावर पहिली कुठंतरी गळून गेली. माझ्या मनात एकच राहिलं, की हे कधीतरी मंडळातल्या लोकांसमोर सांगायचं. बायकोला मी तसं म्हणालो. तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली की माझे वडील बाहेर तोंड दाखवू शकणार नाहीत, आणि मीही इथं. मी तिला रागानं बोललो, मग वाईट वाटलं. तिचं चुकत होतं, पण तिनं ते खोटं माझी अब्रू झाकायला सांगितलं होतं हेही खरं होतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात, म्हणजे फेब्रुवारीत, इथं उन्हाळा तेव्हाच असतो, मंडळाची सहल ठरत होती. अध्यक्ष म्हणाले की अप्पर हटला कोणीतरी खराखुरा किल्ला बांधतंय म्हणे, शनिवारी तिथंच जाऊ, आपल्या डॉक्टरांना किल्ल्यांचा नाद आहे, ते माहिती देतील. सगळ्यांना कल्पना आवडली. बायकोनं माझ्याकडे बघितलंच नाही. घरी येऊन तिनं शांतपणे सांगितलं, ‘शनिवारी सुट्टी घ्या. पाहुण्यासारखे या आमच्याबरोबर. एवढं एक माझ्यासाठी करा.’ आणि मी कबूल झालो. मोठ्या तोंडानं इतकं बोलल्यावर हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालो कबूल. मिस्त्रीला नुसतं सांगितलं की शनिवारी येणार नाही.

शनिवारी दहा-बारा गाड्यांची रांग डोंगरावर चढली. पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंडाचे डबे. पुरुष शॉर्ट्स आणि जँडल्समध्ये, म्हणजे इथल्या रबरी चपलांत, बायका पंजाबी ड्रेसवर टोप्या घालून. मी इस्त्रीची पँट आणि चामडी बूट घातले होते, जणू पहिल्यांदाच येतोय. मी माहिती देत पुढे चाललो होतो, पाणी, जोतं, गोल बुरूज, आणि लोक वाहवा करत होते. पुस्तकं वाचून किती आत्मसात केलंय बघा, असं कोणीतरी म्हणालं.

आतल्या चौकात वळलो तर समोर परांचीवर मिस्त्री. मला बघून त्यानं थापीचा हात वर केला. मग त्याला माझे बूट दिसले. मागची माणसं दिसली, आणि माझ्या बायकोचा चेहरा दिसला असावा. त्यानं हात खाली घेतला. डोक्यावरची टोपी काढली आणि इथला माओरी नमस्कार घालत म्हणाला, ‘किया ओरा, सर. जपून चला, खाली चुना सांडलाय.’

अडीच वर्षांत त्यानं मला सर म्हटलं नव्हतं. मला त्यानं गाढव म्हटलं होतं, डॉक म्हटलं होतं, एकदा शिवीही दिली होती. आता त्यानं मला सांभाळून घेतलं, माझ्याच माणसांपासून, मी न मागता. आणि मी त्याच्याकडे बघून ओळख नसल्यासारखी मान हलवली. हलवली मी मान. आयुष्यात केलेल्या गोष्टींत ती मला अजून सर्वांत जास्त बोचते.

तेवढ्यात अध्यक्षांनी बोट दाखवलं. ‘डॉक्टर, या जंग्या ना? त्या दिवशी तुम्ही स्लाइडवर दाखवल्या होत्यात त्याच.’

सगळे भोकांकडे बघायला लागले. एका बाईनं फोटो काढला. मी बायकोकडे पाहिलं. ती मुलीचा हात धरून अगदी ताठ उभी होती. मला तिला दिलेला शब्द आठवत होता आणि परांचीवर टोपी हातात घेऊन उभा असलेला म्हातारा दिसत होता. दोघांतलं एकच सांभाळता येणार होतं.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. ही परांचीची भोकं आहेत. स्लाइडमधली आमच्या गावची पण तीच.’

‘असं?’ अध्यक्ष म्हणाले. ‘हे कुठं वाचलंत?’

‘वाचलं नाही. हे समोरचं भोक मी सोडलंय. आत माझ्या बोटांचे ठसे आहेत, हात घालून बघा. मी इथं बिगारी आहे, अडीच वर्षं झाली. माझं संशोधन वगैरे काही नाही.’

फोटो काढणाऱ्या बाईनं कॅमेरा खाली घेतला. मग माझी मुलगी, आता सात वर्षांची, वैतागून म्हणाली, ‘आय टोल्ड यू गाइज. हीप्स ऑफ टाइम्स.’ म्हणजे ढीगभर वेळा. दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले.

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, ‘अहो, चालायचंच. तात्पुरतं असतं हे.’ मला त्यांच्या त्या हातानं जितका राग आला तितका हसण्यानंही आला नसता. मी हात बाजूला केला. ‘तात्पुरतं नाही हो,’ मी म्हणालो. ‘हा चुना पुरता घट्ट होईल तेव्हा आपण दोघं जाऊन बरीच वर्षं झाली असतील.’ एवढं बोलून मी बूट काढले, मोजे बुटांत खोचले आणि शिडी चढलो. वर मिस्त्रीनं टोपी पुन्हा डोक्यावर घातली होती. इस्त्रीच्या पँटकडे त्यानं एकदा बघितलं. ‘उशीर केलास,’ तो म्हणाला, आणि चुन्याचं घमेलं माझ्याकडे सरकवलं. मी दोन थर लावून खाली उतरलो तेव्हा श्रीखंड संपलं होतं.

घरी येताना गाडीत बायको बोलली नाही. पुढचे दोन-तीन आठवडेही कामापुरतंच. मंडळातून फोन येणं कमी झालं. काही जणांना आता माझ्याशी काय बोलावं कळेना, आणि काही जण नको इतकं प्रेमानं बोलू लागले. मी मंडळात जाणं सोडलं नाही. उलट पहिल्या रांगेत जाऊन बसायचो. कोणी नवं कुटुंब आलं आणि त्यांनी विचारलं, आपण कुठं, की मी सांगायचो, डोंगरावर, दगडकामाला. एकदा एका नुकत्याच आलेल्या तरुण डॉक्टरानं मला बाजूला घेऊन विचारलं की तिथं आणखी माणूस हवा आहे का.

दोन वर्षांनी मी ती परीक्षा पास झालो. आज माझा दवाखाना आहे. यावर लोक खूश होतात, त्यांची गोष्ट इथं पूर्ण होते, शेवट गोड. म्हणून मी ते इतक्या घाईनं सांगतोय. पास झालो नसतो तरी तो बुरूज तेवढाच उभा राहिला असता आणि त्यातली माझी कामगिरी तेवढीच राहिली असती. मी वनवासात नव्हतो आणि दवाखाना हे माझं राज्य नव्हे.

सांगायचं राहिलं ते हे. त्या सहलीनंतर तीन महिन्यांनी काम संपलं. वासे काढले. मालक म्हणाला, भोकं बुजवा, पक्षी घरटी करतात आणि लग्नाच्या फोटोत घाण दिसते. मिस्त्री खूप भांडला आणि हरला. दोघांनी मिळून आम्ही रांगेनं भोकं बुजवत आणली, प्रत्येकात बेताचा एक दगड आणि चुना. आतल्या चौकातलं ते एक भोक मी शेवटी ठेवलं होतं. रविवारी काम नसायचं, तरी मी ते बुजवायला एकटाच डोंगरावर गेलो. घमेल्यात चुना होता, दगड घडवून आणलेला होता. एवढ्यात तटाबाहेर गाडी थांबली. बायको मुलीला घेऊन आली होती, सहलीनंतर पहिल्यांदाच.

भोकापाशी येऊन तिनं बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. बराच वेळ ती आत चाचपत होती. मी बोटांनी थापलेला चुना आता वाळून कडक झाला होता, त्यात माझी चार बोटं उमटलेली होती. ती तिला सापडली ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं, कारण तिचा हात आत तिथंच थांबला.

‘बाबांना मी काल पत्र टाकलं,’ ती म्हणाली. ‘सगळं लिहिलं. तुम्ही काय काम करता ते.’

मी थापी हातात घेऊन उभा होतो. मालकाला काय सांगायचं, असं काहीतरी मी पुटपुटलो.

‘सांगा काहीही,’ ती म्हणाली. हात अजून आतच होता. ‘हे एक बुजवू नका.’

मी घमेल्यातला चुना बाजूला टाकला आणि थापी धुऊन ठेवली.